सगळ्यांची नाडी 72

शनिवारी दुपारी पहिल्या वर्षाच्या वह्या तपासायला घेतल्या. प्रात्यक्षिक अगदी साधं होतं: शेजारणीच्या मनगटावर तीन बोटं ठेवायची, मिनिटभर नाडी मोजायची आणि आकडा लिहायचा. चाळीस वह्या. पहिल्या वहीत 72, दुसरीत 72. पाच-सहा वह्यांवर मी सवयीने बरोबरची खूण केली आणि मग हात थांबला. उरलेल्या वह्या नुसत्या उघडून बघितल्या. छत्तीस जणींची नाडी 72. तिघींची 74. आणि एकीने 91 लिहून, खोडून, वर ठळक अक्षरांत 72 केलं होतं.

मी कोल्हापुरातल्या एका नर्सिंग स्कूलमध्ये जीएनएमच्या, म्हणजे परिचारिका पदविकेच्या, पहिल्या वर्षाला शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवते. मुली करवीर, पन्हाळा, राधानगरी, शाहूवाडीकडच्या. निम्म्याअधिक बारावीपर्यंत मराठीत शिकलेल्या. पुस्तकं इंग्रजी. त्यामुळे पाठांतर ही त्यांची गरजच असते, त्याबद्दल मी त्यांना नावं ठेवत नाही. हृदयातून रक्त कसं फिरतं हे त्या एका दमात, मारुतीस्तोत्रासारखं म्हणून दाखवतात. खरी अडचण ही की सहा महिन्यांनी याच मुली वॉर्डात उभ्या राहून रुग्णाच्या तक्त्यावर आकडे लिहिणार होत्या.

सोमवारी मी खोडलेल्या 91 च्या मालकिणीला विचारलं. मुलगी राधानगरीकडची, शेवटच्या बाकावरची, एरवी तोंडातून शब्द न काढणारी. म्हणाली, "मी उशीर झाला म्हणून जिना पळत चढून आलतो मॅडम. नाडी जास्तच आली. खरं पुस्तकात 72 हाय, म्हटलं माझंच चुकलं असंल."

कोल्हापूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते, इथे मुलीही 'मी आलो' म्हणतात आणि 'खरं' म्हणजे 'पण'. तिचं उत्तर मात्र जसंच्या तसं घ्यायचं. वर्गात ती एकटीच खरं मोजणारी होती आणि तिनेच खोडलं होतं.

रक्ताभिसरणाला मी आठवडाभराचे तास ठेवले होते. ते तीन आठवडे चालले. त्या काळात काय केलं, काय फसलं, आणि एका ठिकाणी मीच कशी फसले, हे इथे मांडते.

मोजणं

आधी घड्याळ. मुली पंधरा सेकंद मोजून चारने गुणत होत्या. त्यात गैर काही नाही, पण घड्याळाचा काटा निघतानाचा ठोका 'एक' धरला की एक ठोका जादा मोजला जातो आणि गुणाकाराने तो चार होतो. मी म्हटलं, पहिल्या ठोक्याला 'शून्य' म्हणा. फळ्यावर दोन रकाने केले, एक पंधरा सेकंदांचा आणि एक पूर्ण मिनिटाचा. एकाच मनगटाचे दोन आकडे सहा-सहाने वेगळे येताना पाहून वर्गात कुजबूज सुरू झाली. अंगठ्याने मोजणाऱ्या दोघी-तिघी निघाल्या. अंगठ्याला स्वतःचीच धमनी असते, तिचे ठोके रुग्णाच्या खात्यावर जमा होतात.

मग आकडे निनावी चिठ्ठ्यांवर घेतले. हे आधी सुचलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी आकडे मोठ्याने विचारले आणि एकीने बसल्याबसल्या 104 सांगितल्यावर सगळ्यांनी वळून तिच्याकडे बघितलं. नंतर तिला बाजूला घेऊन रक्त तपासायला पाठवलं, हिमोग्लोबिन कमी निघालं. असे प्रयोग करताना वर्गातलं एखादं खरंखुरं दुखणं टेबलावर येऊ शकतं, हे शिकवणाऱ्याने धरूनच चालावं. त्या दिवसानंतर जिना चढायच्या प्रयोगात कुणी भाग घ्यायचा हे मी आधी एकेकीला बाजूला विचारून ठरवू लागले.

चिठ्ठ्या फळ्यावर मांडल्या. 64, 88, 79, 70, 93, 82. बहात्तर एकच होती.

काळीज

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोरच्या रांगेत उभी राहिले. बकऱ्याची पाच हृदयं हवी होती. मी चुकून म्हटलं, "मामा, पाच काळजं द्या." मामांनी यकृत तोलायला घेतलं. मराठीचा हा गोंधळ मला तोवर जाणवलाच नव्हता: काळीज धडधडतं, काळजाचं पाणी होतं, काळजाचा ठोका चुकतो, आणि दुकानात काळीज मागितलं की मिळतं ते यकृत. हृदय हवं तर 'दिल' म्हणायचं. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, काळीज शरीरात कुठे? अर्ध्या वर्गाने छातीवर हात ठेवला. घरी मटण साफ करणाऱ्या मुलींनी बरगड्यांखाली उजवीकडे दाखवलं. दोघींचंही बरोबर, आणि यकृत-हृदयाचा धडा पुस्तक न उघडता सुरू झाला.

मामांना एक गोष्ट समजावून सांगावी लागली. दुकानात हृदय रक्त निथळावं म्हणून चिरतात आणि वरच्या नळ्या छाटून टाकतात. आम्हाला नेमक्या त्या नळ्याच हव्या होत्या. "चिरू नका, वरचं काही कापू नका" असं दोनदा सांगितलं. त्यांनी विचारलं, "रस्सा कसा करणार मग?" शिकवायला नेतेय म्हटल्यावर त्यांनी एक श्वासनलिकेसकट फुफ्फुसही पिशवीत घातलं, पैसे न घेता.

वर्गात सात-आठ मुली शाकाहारी होत्या. काही जैन, काही माळकरी घरच्या. त्यांना प्लॅस्टिकचं मॉडेल आणि आकृत्या काढायचं काम दिलं, हातमोजे कुणावर लादले नाहीत. त्यातली एक अर्ध्या तासाने स्वतःहून टेबलाशी आली आणि हात न लावता सगळ्यात नेमके प्रश्न विचारत राहिली.

पहिली चूक डाव्या-उजव्याची. पुस्तकातलं हृदय आपल्यासमोर उभ्या माणसाचं असतं, म्हणून आकृतीतली डावी बाजू म्हणजे हृदयाची उजवी. हे मुलींना 'माहीत' असतं, पण हातात हृदय आलं की सगळ्या चुकतात. यावर मला एकच उपाय सापडला: हृदय छातीशी धरायचं, टोक खाली डावीकडे, जसं आपल्या आत आहे तसं. मग अंगठा आणि तर्जनीने दोन्ही बाजू दाबून बघायच्या. एक बाजू मऊ, दबणारी, दुसरी घट्ट. घट्ट ती डावी. डोळे मिटूनही ओळखता येते.

त्यानंतर मी विचारलं, "डावी बाजू जाड का?" वीसेक जणींनी एकाच सुरात सांगितलं, ती जास्त रक्त फेकते म्हणून. हे उत्तर चुकीचं आहे. ते तिथे खोडायचा मोह आवरला आणि फळ्याच्या कोपऱ्यात तसंच लिहून ठेवलं.

हृदयातून शरीराकडे निघणाऱ्या महाधमनीच्या तोंडात नरसाळं धरून पाणी ओतलं ते दृश्य विसरता येणार नाही. आतल्या तीन अर्धचंद्राकृती झडपा एकमेकींना टेकल्या आणि पाणी वर थांबलं. हृदयात गेलंच नाही. टाळ्या वाजल्या. पण थोड्या वेळाने एक म्हणाली, "मॅडम, पातळी उतरायलीय. गळतंय." मला वाटलं झडप फाटली. उलटं करून बघितलं, डाव्या निलयात, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यात, टिपूस नव्हता. मग पाणी जातंय कुठे? झडपेच्या जरा वर, महाधमनीच्या भिंतीत, काडी जाईल एवढी दोन छिद्रं दिसली. काडी घातली तर ती हृदयावरच्या चरबीत शिरली. हृदयाला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या या धमन्या. पाणी तिकडून झिरपत होतं. 'हार्ट अटॅक' म्हणजे नेमकं काय तुंबतं, हे मला त्या दिवशी वेगळं सांगावं लागलं नाही.

फुफ्फुसाचं मात्र फारसं जमलं नाही. नळी लावून फुंकलं, ते फुगलं, मुली खूश. पण तोंडाने फुंकून फुगवल्याने नको तोच समज पक्का होतो की हवा आत घुसते म्हणून छाती फुगते. खरं उलट आहे: छाती आधी मोठी होते, आतला दाब उतरतो आणि हवा आत ओढली जाते. बाटली आणि फुग्याच्या मॉडेलने पुढे ते थोडं सावरलं.

गच्ची

गच्चीवर खडूने मोठं हृदय आखलं. एका कोपऱ्यात फुफ्फुसं, दुसऱ्यात बाकीचं शरीर. मुली रक्तपेशी. फुफ्फुसात लाल कार्ड घ्यायचं, शरीरात द्यायचं, निळं घेऊन परतायचं. हा खेळ अनेक ठिकाणी खेळतात. आमच्याकडे त्याचे दोन घोटाळे झाले.

पहिला निळ्या कार्डांचा. दुसऱ्या दिवशीच्या चाचणीत बऱ्याच जणींनी अशुद्ध रक्त निळं असतं असं लिहिलं. दोष माझ्या कार्डांचा. शिरेतलं रक्त गडद तांबडं असतं. सुईने काढताना ते नळीत दिसतंच. शिरा निळसर दिसतात तो कातडीतून येणाऱ्या उजेडाचा परिणाम. पुढच्या वेळी मी किरमिजी रंगाची कार्डं कापली.

दुसरा घोटाळा गर्दीचा. फुफ्फुसात कार्डं वाटायला एकच मुलगी होती आणि शरीराच्या कोपऱ्यात तिघी. बघता बघता फुफ्फुसापाशी दिवाळीतल्या महाद्वार रोडसारखी गर्दी झाली आणि शरीराकडच्या तिघी हात बांधून उभ्या राहिल्या. मी खेळ थांबवून त्यांना तिथेच उभं ठेवलं आणि फळ्यावरचं ते चुकीचं उत्तर पुन्हा काढलं: डावी बाजू जास्त रक्त फेकते. खरोखर जास्त फेकली तर? समजा डावीने प्रत्येक ठोक्याला उजवीपेक्षा फक्त 1 मिली जास्त फेकलं. मिनिटाला 72 ठोके, म्हणजे 72 मिली. तासाला 4,320. अंगात सगळं मिळून रक्त सुमारे 5 लिटर. तासाभरात जवळजवळ सगळं रक्त एका बाजूला जमा होईल. म्हणून दोन्ही बाजूंना सारखंच फेकावं लागतं. डावी जाड आहे ती दाबामुळे: तिला 120 च्या आसपास दाब उभा करायचा असतो, उजवीचं 25 वर भागतं.

"मग डावी थकली तर?" एकीने विचारलं. मी गर्दीत अडकलेल्या मुलींकडे बोट दाखवलं. फुफ्फुसात पाणी साठतं. रात्री आडवं झालं की धाप लागून उठून बसणारा, चार उशा मागणारा रुग्ण तो हाच.

पैलवान

राधानगरीच्या मुलीचा चुलतभाऊ शहरातल्या एका तालमीत राहतो. तिने विचारलं, दादाला बोलावू का? मी होकार दिला. दादा लाजत आला, दारातच थांबला. मुलींच्या नजरा आधी त्याच्या कानांवर गेल्या: दुमडलेले, गाठाळलेले. तालमीच्या गावात असे कान रोज दिसतात आणि त्यांचा मानही असतो, पण ते तसे का होतात हे कुणी विचारत नाही. कानातल्या कूर्चेला, म्हणजे लवचीक मऊ हाडाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, वरच्या आवरणातून तिला पोसलं जातं. घासून-आपटून मध्ये रक्त साकळलं की आवरण सुटतं, कूर्चा उपाशी पडते आणि तिथे कडक ऊती भरते. दादाने कान चाचपले आणि म्हणाला, "वस्तादांनी कधी सांगितलं न्हाई हे."

सहा जणींनी त्याची नाडी मोजली. 52, 53, 52, 52, 51. सहावीने 72 लिहिलं.

मी तिला ओरडले नाही, फक्त विचारलं, तुला हाताखाली किती लागले? ती म्हणाली, "बावन्नच लागले मॅडम. खरं दादा तर तब्येतीचा हाय, त्याचं नॉर्मलच असणार." या वाक्यात सगळं प्रकरण आलं. आकडा मनगटातून येत नव्हता, दादाच्या तब्येतीवरून ठरत होता.

दुसरीने उलट विचारलं, "साठच्या खाली म्हणजे ह्यो आजारी हाय का?" मग हिशेब केला. साध्या माणसाचं हृदय एका ठोक्याला साधारण 70 मिली रक्त फेकतं, 72 ठोके, म्हणजे मिनिटाला 5 लिटर. दादालाही बसल्याजागी तेवढंच लागतं, पण तो 52 ठोक्यांत भागवतो: ठोक्याला साधारण 96 मिली. रोज पहाटे रंकाळ्याला धावणाऱ्या, जोर-बैठका मारणाऱ्या माणसाचं हृदय एका दमात जास्त फेकायला शिकलेलं असतं.

मिनिटाला 5 लिटर हा आकडा पुस्तकात असतो आणि कुणाच्या डोक्यात शिरत नाही. या मुली गोठ्याच्या घरच्या. म्हटलं, डेअरीचा 40 लिटरचा कॅन. आठ मिनिटांत एक भरतो, तासाला साडेसात कॅन. एवढं रक्त रोज नवीन तयार होतं का? वर्गात शांतता. विल्यम हार्वी या इंग्रज डॉक्टरने हाच हिशेब केला होता. त्याचं पुस्तक 1628 साली निघालं. त्याआधीची समजूत अशी की खाल्लेल्या अन्नातून यकृतात रक्त तयार होतं आणि अंगभर जिरून जातं. म्हणजे मामांच्या दुकानातलं काळीज! हार्वीने ठोक्याला फेकलं जाणारं रक्त मुद्दाम फार कमी धरलं, तरी अर्ध्या तासाची बेरीज अंगातल्या सगळ्या रक्तापेक्षा जास्त आली. एवढं अन्न कोणी खात नाही. म्हणजे तेच रक्त फिरत असलं पाहिजे.

मग त्याचाच प्रयोग दादाच्या हातावर. दंडाला कापड हलकंच बांधलं, शिरा सुतळीसारख्या फुगल्या. एका बोटाने शीर दाबून धरायची, दुसऱ्या बोटाने तिथून वर खांद्याकडे पुसत न्यायची. मधला तुकडा सपाट पडला आणि सपाटच राहिला. वरचं रक्त खाली येईना. खालचं बोट उचललं आणि तो झर्रकन भरला. शिरांमधल्या झडपा हार्वीच्या गुरूने, फॅब्रिशियसने, 1603 साली छापून दाखवल्या होत्या. त्याला वाटलं त्या प्रवाह मंद करतात. तेच बघून शिष्याने वेगळा अर्थ काढला.

माझा 72

आता माझ्या चुकीबद्दल.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही बसून, शांतपणे, पूर्ण मिनिट नाडी मोजत होतो. राधानगरीची म्हणाली, "मॅडम, हिची नाडी सारखी न्हाई. श्वास घेतला की पळायलीय, सोडला की मंद व्हायलीय." मी म्हटलं, बोटं हलली असतील, परत मोज. तिने मोजलं. "मी मोजलो मॅडम, तसंच यायलंय." मी जरा त्रासूनच म्हटलं, श्वासाकडे लक्ष देऊ नकोस, नाडी मोज. ती गप्प बसली. पुढे तिने काय लिहिलं ते मी त्या दिवशी बघितलंही नाही.

रात्री भांडी आवरताना ते खटकलं. माझ्या मुलीला, तिचं वय पंधरा, जवळ बसवलं आणि मनगट धरलं. सावकाश श्वास घे, सोड. स्पष्ट. अगदी न मोजताही कळेल असं. स्वतःचं बघितलं तर फरक जवळजवळ नाहीच. वयाबरोबर हा फरक कमी होत जातो. इतकी वर्षं मी ही गोष्ट एका ओळीत शिकवत आलेय, तिचं लांबलचक नाव परीक्षेत विचारतेय, आणि वर्गातल्या मुलीने बोटाखाली पकडून दाखवली तेव्हा मी तिला खोडायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर सांगितलं की तिचं बरोबर होतं आणि माझं चूक. मग सगळ्यांनी मोजलं. पन्हाळ्याच्या घाटाचं उदाहरण तिथेच सुचलं. उतारावर सायकल सोडली तर ती सुसाट जाते, म्हणून ब्रेकवर बोट ठेवूनच उतरायचं. हृदयालाही एकटं सोडलं तर ते मिनिटाला 100 च्या आसपास धडधडतं. मेंदूकडून येणारी व्हेगस चेता (मज्जातंतू) त्याला आवरून धरते. श्वास आत घेताना ती पकड थोडी ढिली होते, ठोके वाढतात. सोडताना पुन्हा घट्ट. बसल्याजागचे 72 हा हृदयाचा स्वतःचा वेग नाहीच, तो धरलेल्या ब्रेकचा वेग आहे. दादाचा ब्रेक जास्त घट्ट. जिना पळत चढलेल्या मुलीने तो सोडलेला, म्हणून 91.

राधानगरीची मुलगी तेव्हा काही बोलली नाही. तासानंतर तिने तिची वही आणून दिली. त्या पानावर श्वास घेताना आणि सोडताना असे दोन रकाने आखून दहा-दहा श्वासांचे ठोके लिहिलेले होते. तारीख आदल्या दिवशीची, म्हणजे मी गप्प बसवल्यानंतरची. खोडलेलं काही नव्हतं.

मुली वॉर्डात जाऊ लागल्यावर त्यांच्या वह्यांतले आकडे 66, 84, 110 असे वाकडेतिकडे येऊ लागले. एक गंमत राहिली: 'सीपीआर' म्हटलं की अजून निम्म्या वर्गाच्या डोळ्यांपुढे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयच येतं, छाती दाबणं नंतर. त्याला कोल्हापुरात इलाज नाही.

तीन आठवड्यांची किंमत उत्सर्जन संस्थेने मोजली. मूत्रपिंड मी दोन तासांत उरकलं आणि मुलींनी ते पाठ केलं.

जूनमध्ये नवीन वर्ग आला. पहिल्याच आठवड्यात काही न सांगता नाडी मोजायला लावली आणि वह्या गोळा केल्या. बेचाळीस वह्या, त्यात एकोणचाळीस 72. यंदा मी एकाही वहीवर खूण केली नाही. राधानगरीच्या मुलीला दुसऱ्या वर्षाच्या वर्गातून बोलावून घेतलं आणि गठ्ठा तिच्या हातात दिला. तिने चार-पाच वह्या चाळल्या, हसली आणि वर्गाला म्हणाली, "पेनं खाली ठेवा आधी."